उणे एकशे नव्वद अंशांची भट्टी

आमच्या बी विंगमध्ये सोळा घरं आहेत आणि पुरणयंत्र एक. ते मालतीकाकू दातारांचं. होळीच्या आदल्या संध्याकाळी काकू ते तळमजल्यावर पोचवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या घरात त्याचा दांडा फिरायला लागतो आणि दर घरी अर्धा तास या वेगानं यंत्र जिना चढत जातं. काकू स्वतः तिसऱ्या मजल्यावर, अगदी शेवटच्या दारात राहतात. त्यामुळे यंत्र आपोआप मालकिणीकडे परत जातं, वेगळं पोचवायला नको. या व्यवस्थेचं जुईनगरात बरंच कौतुक आहे. सी विंगचे लोक एकदा येऊन बघून गेले. पंधरा घरं गुणिले अर्धा तास, म्हणजे काकूंचा नंबर अडीच वाजता यायला हवा. प्रत्यक्षात चार वाजतात. मधला दीड तास कुठे जातो हे मी एका होळीला घड्याळ लावून मोजायला बसले होते, पण आईनं वही काढून घेतली आणि हातात नारळाची वाटी आणि खवणी दिली.

त्या यंत्राचा दांडा मी मोडला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

होळीला महिना होता. मामा जेवायला येणार म्हणून आईनं यंत्र मागून आणलं, डाळ शिजवून गूळ घालून पुरण तयार केलं आणि मला म्हणाली, "गरम आहे तोवर फिरवून घे." मी हो म्हटलं आणि हातातला लेख वाचून संपवला. लेख चाळीस मिनिटांचा होता. गरम पुरण यंत्रातून सहज उतरतं आणि गार झालेलं सिमेंटसारखं बसतं, हे मला माहीत नव्हतं. एम.एस्सी.ला द्रवाचा घट्टपणा आणि तापमान यांच्या संबंधावर मला दहापैकी नऊ मार्क होते. तो गेलेला एक मार्क पुरणाचा असणार. मी दांड्यावर जोर दिला, पुरण हललं नाही, आणखी जोर दिला, आणि दांडा यंत्राच्या मानेपाशी कट्‌ करून मोडला.

यंत्र काखेत आणि दांड्याचे दोन तुकडे ताटलीत घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काकूंनी चष्मा लावला, तुकडे पाहिले.

"मोडला?"

"मोडला."

"म्हणजे आता फिरणारच नाही?"

"नाही. पण काकू, मी नवीन यंत्र आणून देते. उद्याच."

"छे छे! नवीन अजिबात नको." काकू इतक्या चटकन म्हणाल्या की मी दचकले. "नवीन आणलंस तर मी हात लावणार नाही. हाच दांडा दुरुस्त कर. आणि बाहेर कुणाला द्यायचा नाही हं. तू स्वतः कर. फिजिक्सवाली ना तू?"

"हो. होळीच्या आत करून देते."

"घाई नको गं."

"नाही काकू, होळीच्या आत."

"अगं, घाई नको म्हणते ना मी. होळी काय, दर वर्षी येते."

निघताना पुन्हा एकदा, असं त्या तीनदा म्हणाल्या. माणसाचं मन किती मोठं असावं, असा विचार करत मी खाली आले.

संध्याकाळपर्यंत सोळाही घरांना बातमी कळली होती. आता प्रश्न एका दांड्याचा नव्हता, अख्ख्या विंगच्या होळीचा होता. तळमजल्यावरच्या उज्वलावहिनी जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "ईश्वरी, टेन्शन नाही देत मी तुला, पण माझ्या सासूबाई सांगलीहून येतायत. मिक्सरमधलं पुरण त्या ताटात ठेवून नुसत्या बघत बसतात." मी तिथल्या तिथे शब्द दिला. शब्द देताना हात छातीवर ठेवला होता, असं आई नंतर म्हणाली. मला आठवत नाही.

दांडा ओतीव ॲल्युमिनियमचा होता. नुसतं विचारायला म्हणून मी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला दाखवला, तर त्यानं तुकडा वाजवून परत दिला. "मॅडम, हे चिकटत नाय. चिकटवलं तर परत मोडंल, आन्‌ तुमी मला शिव्या घालाल." म्हणजे नवा ओतणं भाग होतं. मी हिशेब मांडला. ॲल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळतं. पण वितळल्या वितळल्या ओतलं तर साच्यात अर्ध्या वाटेवर गोठतं, आणि फार तापवून ओतलं तर आत बुडबुडे राहून दांडा सच्छिद्र होतो. सातशे वीस हा बरोबर आकडा. सातशे वीस अंश जमले की दांडा जमला.

"दुधाला उकळी आली की कळतं, तसं नाही का कळत?" बाबांनी विचारलं. बाबा जानेवारीत रिटायर झालेत आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला 'आपलं प्रोजेक्ट' म्हणतात.

"नाही बाबा. मोजावं लागतं."

भट्टी सोपी होती. पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा, त्याला आतून प्लास्टर आणि वाळूचं जाड अस्तर, खाली भोक, भोकात लोखंडी नळी, नळीच्या तोंडाला माझा हेअर ड्रायर, आत कोळसा. साच्याची वाळू एकमेकीला धरून राहावी म्हणून आईची मुलतानी माती मिसळली. आई म्हणाली, "माझ्या चेहऱ्याचं काय?" बाबा म्हणाले, "त्याला आता प्रोजेक्टमध्ये घेऊ नका," आणि दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करत होते. वितळवायला आईचीच एक कान तुटलेली ॲल्युमिनियमची कढई मिळाली.

धातू ज्यात वितळवायचा ते भांडं मात्र जाड लोखंडी पाइपचं हवं होतं, म्हणून कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेले. पहिल्या दुकानात विचारलं, "पाइप आहे का?"

"किती टन?"

"वीत दीड वीत."

दुकानदारानं पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी स्वतःच शेजारच्या दुकानात गेले. तिथेही टन. चौथ्या दुकानाबाहेर भैरू नावाचे हमाल सळ्यांवर बसून भाकरी खात होते. त्यांनी मला दोन फेऱ्या मारताना पाहिलं असावं. "ताई, हितं समदे टनात बोलत्यात. तुमाला काय पायजेल ते माझ्याशी बोला." मी सगळं सांगितलं. दांडा, काकू, होळी, सातशे वीस. त्यांनी भाकरी संपेपर्यंत शांतपणे ऐकलं, मग ढिगाऱ्यातून पाइपचा एक तुकडा काढून दिला आणि बूड कुठे लावून मिळेल तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "पुरण चाळणीवर घासलं तरी व्हतंय की वो." मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. "मंग ऱ्हायलं," ते म्हणाले.

आता तापमान मोजायचं यंत्र. याला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला एकत्र जोडलेल्या असतात. ते टोक तापलं की तारांमध्ये अगदी किंचित वीज तयार होते, आणि डबीएवढ्या मीटरवर तिचा आकडा होऊन दिसतो. मी ऑनलाइन मागवलं. खोक्यात स्टीलच्या नळीत बसवलेलं टोक होतं, तसंच एक जादा टोक होतं, मीटर होता, एक लाल वायर, एक पिवळी वायर आणि बारीक अक्षरातलं एक माहितीपत्रक. मी कुठलीही वस्तू माहितीपत्रक वाचल्याशिवाय जोडत नाही. हे ठळक करून सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यावरून लोकांचा वेगळा समज होतो.

माहितीपत्रक वाचण्याआधी मी खोकं आणि बाबांना घेऊन गच्चीची परवानगी घ्यायला गेले, इतकीच माझी चूक.

सोसायटीचे सेक्रेटरी धनाजीकाका जाधव. मूळचे साताऱ्याकडचे, पस्तीस वर्षं वीज खात्यात वायरमन होते. त्यांनी गच्ची वापरण्याचा अर्ज काढला. अर्जात कारणांचे पर्याय छापलेले होते: विवाह, बारसं, वाढदिवस, होमहवन, वाळवण, इतर.

"इतर," मी म्हटलं.

"इतरला सर्वसाधारण सभा लागती. सभेला पंधरा दिवसांची नोटीस. आन्‌ होळी कवा हाय?"

"आठ दिवसांनी."

काकांनी अर्जावर बोट फिरवलं. "कोळसा हाय ना?"

"आहे."

"जाळ हाय?"

"आहे."

"मंग होमहवन लिव्ह. त्याला माझी सही पुरती."

मी खोटं लिहायला तयार नव्हते. काकांनी विचारलं, यात खोटं काय? अग्नी आहे, त्यात वस्तू अर्पण करायची आहे, हेतू होळीचा आहे.  ते मी अजून शोधते आहे. मी होमहवनावर टिक केली. 'पुरोहिताचे नाव' या रकान्यात बाबांनी माझ्या हातातून पेन घेऊन लिहिलं: कु. ईश्वरी सुधीर शेवडे, एम.एस्सी.

"आता मशिनीचा कागूद जोड," काका म्हणाले.

"कसला कागद?"

"विजेवरची वस्तू गच्चीवर न्यायची तर तिचा छापील कागूद अर्जाला लागतो. नियम हाय. मीच क्येलाय."

आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी माहितीपत्रक अर्जाला टाचलं, अर्ज फायलीत ठेवला आणि फाइल कपाटात. मी घरी येऊन खोकं उघडलं तेव्हा लक्षात आलं. पळत परत गेले, तर कपाटाला कुलूप आणि किल्ली खजिनदार मिथुनदादांकडे. मिथुनदादा शिमग्याला कोकणात गावी गेलेले. फोन केला तर मागे ढोल वाजत होते. ते एवढंच म्हणाले, "पालखी नाचवून झाली की येतो." पालखी नाचवून कधी होते, हे त्यांच्या गावात कुणी ठरवत नाही म्हणे.

मीटरवर दोन स्क्रू होते, एकावर अधिक, दुसऱ्यावर उणे. वायरी दोन, लाल आणि पिवळी. कुठली कुठे, हे कपाटात. इंटरनेटवर शोधलं तर एका ठिकाणी एक रंग, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. देशोदेशीची पद्धत वेगळी. मी आईबाबांबरोबर गच्चीवर वायरी घेऊन बसले होते, तेवढ्यात धनाजीकाका 'होमाची' जागा बघायला आले.

"यात काय बघायचं?" त्यांनी लाल वायर चिमटीत धरली. "लाल म्हंजे प्लस. ट्रान्झिस्टरचा सेल बघ, गाडीची बॅटरी बघ. पस्तीस वर्सं खांबावर चढलोय मी. लाल वायर उण्याला लावली असती तर आज फोटोत असतो."

"पण काका, थर्मोकपलचं वेगळं असू शकतं."

"वीज ती वीजच, पोरी. ती काय शाळा बघून वागती का?"

आई हळूच म्हणाली, "ऐक गं त्यांचं. त्यांचा अनुभव आहे." बाबाही म्हणाले, अनुभव आहे. मी लाल वायर अधिकच्या स्क्रूला लावली. मीटरनं एकतीस अंश दाखवले. गच्चीवर तेवढंच तापमान होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी स्क्रू घट्ट आवळले.

रविवारी सकाळी साडेआठला सगळं मांडलं. जाड जीन्स, बूट, बाबांचं काचेचं हेल्मेट, आईचे ओव्हनचे हातमोजे. वाळूत साचा तयार होता. मोडक्या दांड्याचे तुकडे जोडून त्याचा ठसा घेतला होता. पाइपच्या भांड्यात कढईचे तुकडे होते, मध्ये थर्मोकपलची नळी उभी. नऊला मी कोळसा पेटवला आणि मागे वळले, तर दारात उज्वलावहिनी. रेशमी साडी, हातात नारळ. त्यांच्यामागे सासूबाई. त्यांच्यामागे आणखी दहाबारा जण, अनवाणी.

खाली फळ्यावर नोटीस लागली होती: 'रविवारी ९ ते १२ गच्चीवर होमहवन. पापडवाल्यांनी नोंद घ्यावी. प्रसाद आहे की नाही हे कळलेले नाही.'

मी समजावायचा प्रयत्न केला. "वहिनी, ही धातू वितळवायची भट्टी आहे."

"हो गं, माहितीय. पण होमाला बूट?"

"बूट काढता येणार नाहीत. वितळलेलं ॲल्युमिनियम पायावर पडलं तर..."

"देवाच्या कामात पायावर काही पडत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि सतरंजीवर बसल्या. मालतीकाकूंना गुडघ्यामुळे खुर्ची दिली. त्या अगदी समोर बसल्या होत्या.

मी हेअर ड्रायर सुरू केला. कोळसा फुलला. बाबांनी मीटर हातात घेतला आणि आकडे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"एकतीस! तीस! अठ्ठावीस!"

"वाढतंय का?" कुणीतरी विचारलं.

"वीस! बारा!"

मला वाटलं बाबा चष्मा विसरले. मी जाऊन पाहिलं. बारा होतं. माझ्यासमोर कोळसा लालभडक, भट्टीच्या तोंडातून झळा येत होत्या, हेल्मेटच्या आत माझ्या नाकावरून घाम ओघळत होता, आणि मीटर म्हणत होता की आत महाबळेश्वर आहे. मी मीटर बंद करून सुरू केला. उणे चार.

"उणे?" उज्वलावहिनी म्हणाल्या. "म्हणजे एसीसारखं का?"

"हवा कमी पडतीय," धनाजीकाका म्हणाले. "वारा वाढीव."

मी ड्रायर पूर्ण सोडला. झळा दुप्पट झाल्या. उणे चाळीस.

"कोळसा घाल अजून."

घातला. उणे नव्वद. सासूबाई उठल्या, घरून आणलेल्या वाटीतलं चमचाभर तूप कुणाला कळायच्या आत भट्टीत सोडलं आणि 'स्वाहा' म्हणाल्या. हातभर ज्वाळा उठली. शेजारी वाळत घातलेल्या कुरडयांवर राख पडली, आणि मीटर उणे एकशे दहावर गेला.

"तुपानं थंडावा येतोच," बाबा म्हणाले.

 जे शिकले त्याप्रमाणे कोळसा जाळला की वस्तू तापते. याला अपवाद मी कुठे वाचला नव्हता. उणे एकशे शहाण्णवला हवेतल्या नायट्रोजनचं पाणी होतं. इथं बाबा एकशे ऐंशी म्हणत होते आणि माझे हातमोजे करपत होते. उणे एकशे नव्वदला मीटरचे आकडेच संपले. पडद्यावर नुसत्या चार आडव्या रेघा आल्या. 

"म्हणजे गेलं का?" सासूबाईंनी विचारलं.

भांड्यात डोकावलं तर कढईचे तुकडे जसेच्या तसे दिसत होते, वर एक मळकट करडा रंग. वितळलेलं काहीच नाही. मालतीकाकू खुर्चीतून म्हणाल्या, "राहू दे हो ईश्वरी. प्रयत्न केलास, तेवढं पुरे. यंदा नाही तर नाही. वाईट नको वाटून घेऊस." दर दहा अंशांमागे त्या असं काहीतरी बोलत होत्या. सांत्वन करताना इतका प्रसन्न चेहरा मी आजवर पाहिलेला नाही.

बाराला धनाजीकाकांनी घड्याळ दाखवलं. होमाची वेळ संपली. लोक उठले. उज्वलावहिनींनी नारळ फोडावा की न फोडावा याचा क्षणभर विचार केला आणि तसाच पिशवीत ठेवला. जाता जाता त्यांच्या सासूबाई मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे म्हणत होतीस ना?" बाबा मीटर खाली ठेवून म्हणाले, "आपलं... तुझं प्रोजेक्ट चांगलं होतं." आपलं म्हणता म्हणता ते थांबले, हे मला जास्त लागलं.

गच्चीवर मी एकटी उरले. भट्टी विझवण्याआधी भांडं रिकामं करावं म्हणून सळईनं त्या तुकड्यांना ढोसलं, आणि सळई सरळ आत गेली. वरचा करडा थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि खाली आरसा चमकला. सगळं पाणी झालं होतं. कधीचंच. साय तेवढी कढईच्या आकाराची राहिली होती.

मी विचार केला नाही. थर्मोकपल बाहेर काढून बाजूला ठेवलं, साय सारली, सांडशीनं भांडं उचललं आणि ओतलं. चांदीची एक धार साच्याच्या भोकात गेली आणि दुसऱ्या भोकातून वर आली. भरला. सगळं मिळून चार सेकंद. बघायला कुणी नव्हतं.

भांडं बाजूला ठेवून खाली बसले तर मीटर समोरच होता. थर्मोकपल गार होत होतं. पडद्यावरच्या रेघा गेल्या आणि आकडा आला: उणे एकशे ऐंशी. मग एकशे वीस. मग साठ. ते जसजसं गार होत होतं तसतसा मीटर वर चढत होता. चौतीसवर येऊन थांबला.

मी वायरी उलट्या केल्या. लाल वायर उण्याला. टोक निखाऱ्यात खुपसलं. मीटर म्हणाला, सातशे शहाऐंशी.

इतकंच होतं. जिथे हे टोक तयार झालं, तिथे लाल म्हणजे उणे. कपाटातल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. सकाळपासून मीटर काही चुकीचं सांगत नव्हता, फक्त उलटं सांगत होता. मी जितकं तापवत होते तितकं तो थंड म्हणत होता.

दांडा सुंदर आला. सातशे वीस अंश जमले होते की नाही ते कुणालाच कळणार नाही, पण आला. रविवारी आणि सोमवारी बसून मी कानशीनं त्याचं चौकोनी भोक घासलं. कुणाला सांगितलं नाही. आधी काकूंना दाखवायचा, मग साऱ्या विंगला, असं ठरवलं होतं. खाली फळ्यावर नवी नोटीस लागली होती: 'भट्टी न तापल्यामुळे यंदा पुरणयंत्र फिरणार नाही. सेक्रेटरी.' सोमवारी संध्याकाळी वर जाताना मी ती काढली आणि खिशात घातली. फाडायची वेळ मी मनाशी निवडून ठेवली होती.

मालतीकाकूंच्या दारात मी टॉवेल उलगडला. दांडा चकाकत होता. काकूंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

मला वाटलं आकार चुकला. मी पुढे होऊन यंत्राला बसवून दाखवला. बसला. फिरवला. फिरला.

"जमलं तुला," काकू म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या.

"हो."

"पण ते तर थंड होत होतं."

"उलटं दाखवत होतं, काकू. खरं म्हणजे तापत होतं. काय झालं? आवडला नाही का?"

काकूंनी आत पाहिलं. आत दातारकाका पेपर वाचत होते. काकू उठल्या, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"अकरा वर्षं झाली, ईश्वरी. अकरा वर्षं होळीची पोळी मी चहाबरोबर खाते. माझं यंत्र, माझी डाळ, आणि चार वाजता नंबर. यांना मधुमेह, भूक धरवत नाही. दीड वाजता बिस्किटं खातात आणि चारला पोळीला नको म्हणतात. सणाच्या दिवशी."

"मग नाही म्हणायचं ना द्यायला."

"कुणाला? पंधरा घरांना? रोज जिन्यात तोंडं बघायची असतात."

"मला तुम्ही घाई नको म्हणालात..."

"तीनदा म्हटलं!"

"मला वाटलं तुमचं मन मोठं आहे."

"मन मोठंच आहे गं. घर शेवटचं आहे."

 एक शंका राहिली होती. "पण मग मलाच का करायला सांगितलंत? बाहेर का नको?"

"बाहेर दिला असता तर दोन दिवसांत झाला असता," काकू म्हणाल्या. "तुझं एम.एस्सी. झालंय. म्हटलं, अभ्यास करशील, यंत्रं मागवशील, वर्ष तरी सहज घेशील."

माझ्या खिशात नोटीस होती. ती फाडली की मी तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत हुशार. बाबा परत 'आपलं' म्हणणार. उज्वलावहिनींच्या सासूबाई मान हलवणार. काकू काही मागत नव्हत्या. नुसत्या दांड्यावरून अंगठा फिरवत होत्या. दातारकाकांनी आतून विचारलं, "उद्या किती वाजता गं जेवण?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"काका, बारा वाजता," मी म्हटलं.

खाली उतरले आणि नोटीस परत लावली. त्याच टाचण्या, त्याच भोकांत.

होळीच्या दिवशी सकाळपासून चौदा घरांतून मिक्सरचे आवाज येत होते. जिन्यातून येणारा जाणारा मला काही ना काही म्हणत होता. आईसुद्धा चाळणीवर पुरण घासता घासता म्हणाली, "यापेक्षा बी.एड. केलं असतंस तर." सव्वाबाराला मी मीटर घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. दातारकाका ताटावर बसले होते, गळ्याशी नॅपकिन. काकूंनी तव्यावरची पोळी सरळ माझ्या ताटात टाकली, वर तुपाची धार धरली. मी खोक्यातलं जादा, न वापरलेलं टोक आणलं होतं. ते धुऊन पोळीत खुपसलं. लाल वायर उण्याला.

"किती?" काकांनी विचारलं.

"चौसष्ट."

"चांगलं का?"

"उत्तम, काका."

"मग मोजू नकोस, खा."

खाऊन खाली येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धनाजीकाका भेटले. माझ्या हातातला मीटर बघून हसले.

"काय पुरोहित! आज किती?"

"चौसष्ट," मी म्हटलं.

"उणे ना?"

मी तुपाचा हात पाठीमागे घेतला.

"उणेच, काका."